अपारंपरिक विजेच्या सक्तीचा फेरविचार आणि शेतकऱ्याची जमीन

वीज वितरण कंपनी जी वीज पुरविते, तीपैकीं ठराविक हिस्सा सूर्य, वारा, पाणी, उसाचें चिपाड इत्यादि न संपणाऱ्या साधनांपासून तयार झालेला असावा, असें बंधन कायद्यानें घातलेलें आहे. हा हिस्सा किती असावा, याचा सरकार व वीज नियामक आयोग वेळोवेळीं फेरविचार करितात. हा विषय कारखानदारांचा, आपणांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें पुष्कळ शेतकरी बंधूंस वाटतें. परंतु या आंकड्याचा एक धागा आपल्या सातबाराच्या उताऱ्यापर्यंत येऊन पोंचला आहे. तो कसा, हें येथें क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंधनाचें मूळ. २००३ च्या वीज कायद्याच्या ८६ व्या कलमानें असा हिस्सा ठरविण्याचें काम राज्याच्या आयोगाकडे दिलें. महाराष्ट्रांत २०१० च्या विनियमांप्रमाणें २०१०-११ सालीं तो ६ टक्के होता. २०१६ व २०१९ सालीं नवे विनियम होऊन तो वाढत गेला, आणि २०२४-२५ सालासाठीं २५ टक्के ठरला. तदनंतर केंद्र सरकारनें ऊर्जा संवर्धन कायद्याखालीं २० ऑक्टोबर २०२३ रोजीं अधिसूचना काढून सर्व देशासाठीं प्रमाण ठरविलें : २०२४-२५ सालीं २९.९१ टक्के, व चढत चढत २०२९-३० सालीं ४३.३३ टक्के.

आंकड्याचें जमिनींत रूपांतर. या अधिसूचनेंत एक पोटहिस्सा असा ठेविला कीं, तो १० मेगावॅटहून लहान प्रकल्पांतूनच पुरा व्हावा. त्याचें प्रमाण २०२४-२५ सालीं १.५ टक्के, तर २०२९-३० सालीं ४.५ टक्के. आतां हिशेब करून पाहूं. एखाद्या भागांत वर्षास ५ कोटी युनिट वीज लागते असें धरा. वाढलेल्या ३ टक्क्यांचे १५ लाख युनिट होतात. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प आपल्या हवेंत ढोबळ मानानें वर्षास तितकी वीज देतो, आणि त्यास चार-पांच एकर जमीन लागते. अर्थात् हा पोटहिस्सा घरांच्या छपरांवरील तक्त्यांनींही कांहीं अंशीं भरून निघेल. परंतु उरलेल्यास जमीनच पाहिजे, आणि ती उपकेंद्राजवळची पाहिजे. ही वीज शेतीच्या वाहिनीस दिवसां मिळाली, तर ऐन थंडींत मध्यरात्रीं मोटार चालू करण्यास जाण्याचें संकट टळेल, हा लाभ लहान नव्हे.

फेरविचाराचा परिणाम. आंकडा चढतो तसा उतरूंही शकतो, हें ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणावरून दिसून येईल. तेथें मोठ्या प्रकल्पांसाठीं २०२० सालापर्यंत वर्षास ४,१०० कोटी युनिटांचें उद्दिष्ट कायद्यांत होतें. २०१४ सालीं सरकारनें वॉरबर्टन यांच्या अध्यक्षतेखालीं त्याचा फेरविचार करविला. निकाल लागेपर्यंत भांडवलदारांनीं हात आंखडले व नवे मोठे प्रकल्प रखडले. २०१५ सालीं उद्दिष्ट ३,३०० कोटी युनिटांवर आणलें गेलें, व निश्चिति आल्यावर कामें पुनः सुरू झालीं. यावरून बोध असा कीं, फेरविचार चालू असतां ज्याची जमीन करारांत गुंतली आहे पण प्रकल्प उभा राहिला नाहीं, त्याची स्थिति सर्वांत नाजूक होते.

कागद कसा असावा. महसुली दप्तर हाताळण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतों. पहिली, भाडें कोणत्या दिवसापासून सुरू होणार? प्रकल्प चालू झाल्यापासून असेल, तर मधल्या काळांत पीकही नाहीं व भाडेंही नाहीं असें होईल. म्हणून सहीच्या तारखेपासून भाडें, किंवा ठराविक मुदतींत काम न झाल्यास करार रद्द, अशी अट घालावी. दुसरी, वाढ कशावर धरली आहे? राज्याच्या २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेंत हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये भाडें व दरसाल ३ टक्के वाढ असा दर जाहीर झाला. ही वाढ मूळ रकमेवर धरल्यास पंचविसाव्या वर्षीं भाडें २,१५,००० होतें. मागील वर्षाच्या भाड्यावर धरल्यास सुमारें २,५४,१०० होतें. एका शब्दानें एवढा फरक पडतो. तिसरी, एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदलेलाच पाहिजे. सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या आणि इतर हक्कांच्या रकान्यांत झालेली नोंद स्वतः वाचावी. चौथी, मुदत संपल्यावर तक्ते व खांब कोणी काढावयाचे, आणि शेजाऱ्याची वाट व पाण्याचा पाट कायम कसा राहील, हें स्पष्ट लिहून घ्यावें.

हरकतीचा हक्क. विनियम करण्यापूर्वीं आयोगास मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, व त्यावर सूचना व हरकती मागविल्या जातात. त्या वेळीं कंपन्यांचे वकील हजर असतात. शेतकरी क्वचितच असतो. लहान प्रकल्पांचा हिस्सा कमी करूं नये, दिवसाच्या विजेचे तास नेमून द्यावे, अशा मागण्या साध्या मराठींत, आंकड्यांसह, गांवाच्या सह्यांनिशीं मुदतींत पाठविल्या, तर त्या दप्तरीं दाखल होतात. जी गोष्ट दप्तरीं दाखल नाहीं, तिचा विचार कोणीहि करीत नाहीं. भाडेपट्टा पंचवीस वर्षांचा असतो आणि सरकारी आंकडा दोन-चार वर्षांनीं बदलतो. म्हणून प्रत्येक गांवांत निदान एका तरी जाणत्यानें मसुद्यांवर नजर ठेवावी, व सही करण्यापूर्वीं दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचावे, एवढेंच आमचें सांगणें आहे.