व्हिसा नसला तरी शहराच्या वहीत नाव

प्रश्न : माझी भाची शिकायला बार्सिलोनाला गेली आहे. हातात व्हिसा असूनही गेल्या गेल्या तिला महापालिकेत ‘पाद्रोन’ काढावं लागलं. तिथल्या ओळखीच्यांनी सांगितलं, की ज्यांच्याकडे व्हिसा नाही त्यांचीही नोंद होते. हे खरं आहे का? आणि असेल तर शहराला त्यातून काय मिळतं? — एक वाचिका, सातारा

उत्तर : खरं आहे. परदेशातून आलेल्यांना सामावून घेण्याचं स्पेनच्या शहरांमधलं बहुतेक काम या एका नोंदीवरच उभं आहे.

देशात कुणाला येऊ द्यायचं आणि किती दिवस राहू द्यायचं, हे माद्रिदचं सरकार ठरवतं. त्यात महापालिकेला काही अधिकार नाही. पण 1985च्या स्थानिक स्वराज्य कायद्यानुसार स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकानं आपल्या गावाच्या रहिवासी नोंदवहीत, म्हणजे पाद्रोनमध्ये, नाव नोंदवायचं असतं आणि गावाला ते नाकारता येत नाही. खिडकीवरचा कारकून पासपोर्ट बघतो तो ओळख पटवण्यापुरता. राहण्याचा परवाना मागत नाही. सोबत भाडेकरार लागतो, नाहीतर त्या पत्त्यावर आधीपासून नोंद असलेल्याची संमती.

एवढ्यावर मुलांचा शाळाप्रवेश मार्गी लागतो, दवाखान्याचं कार्ड निघतं. कागदपत्रं नसलेल्याला तर याहून मोठा आधार मिळतो. काही वर्षं सलग देशात राहिल्याचं दाखवता आलं, तर इतर अटी पुऱ्या करून कायदेशीर परवान्यासाठी अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, मे 2025पासून ती दोन वर्षांवर आली. हा मुक्काम सिद्ध करायला पाद्रोनइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

आता शहराचा फायदा. लोकसंख्येचा आकडा याच वहीतून निघतो. केंद्राकडून येणारा निधी आणि नगरसेवकांची संख्या त्या आकड्याशी बांधलेली असते. शिवाय कुठल्या वस्तीत किती मुलं शाळेच्या वयाची झाली हे माहीत नसेल, तर वर्ग वाढवायचे कुठे? बार्सिलोनात आज चार रहिवाशांमागे साधारण एक जण परदेशी नागरिक आहे. एवढी माणसं वहीबाहेर ठेवून शहर चालवणं शक्यच नाही.

तरी सगळ्यांना हे पटलं, असं नाही. 2010च्या जानेवारीत कातालोनियातल्या विक या गावाच्या नगरपालिकेनं बेकायदा राहणाऱ्यांची नोंद बंद करायचं ठरवलं. सरकारी वकिलांनी असं करता येणार नाही, असं मत दिलं आणि विकला माघार घ्यावी लागली.

खरी अडचण पत्त्याची आहे. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, भाडेकरार एकाच्याच नावावर असतो आणि घरमालक इतरांची नोंद होऊ देत नाही. पुण्या-मुंबईत करारनाम्यासाठी मालकाच्या मागे फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बार्सिलोना महापालिकेनं यावर मार्ग काढला आहे : करार नसेल, अगदी डोक्यावर छप्पर नसेल, तरी माणूस खरोखर शहरात राहतो याची खात्री करून ‘कायमचा पत्ता नाही’ अशी नोंद करता येते. मला त्या शहराच्या कारभारातली ही सगळ्यात माणुसकीची गोष्ट वाटते. कितीतरी नगरपालिका हे करायला तयार नसतात.

याच वहीची दुसरी बाजूही आहे. 2003च्या कायद्यानं परदेशी रहिवाशांची तिच्यातली माहिती पाहण्याची मुभा पोलिसांना दिली. ज्या नोंदीवर मुलाची शाळा अवलंबून आहे, तिचीच भीती वाटावी ही फार वाईट तरतूद आहे. युरोपीय संघाबाहेरच्या आणि दीर्घकालीन परवाना नसलेल्या रहिवाशांना दर दोन वर्षांनी नोंद ताजी करावी लागते, नाहीतर नाव निघतं. भाचीलाही ही तारीख लक्षात ठेवायला सांगा. नोंद असली म्हणून तिच्यावर मिळणारे हक्क कायम टिकतात, असंही नाही : 2012मध्ये केंद्र सरकारनं कागदपत्रं नसलेल्या प्रौढांची मोफत आरोग्यसेवा बरीचशी काढून घेतली. ती देशभर परत मिळायला 2018 उजाडलं.

पाद्रोनशिवाय बार्सिलोनात 1989पासून ‘साइएर’ नावाचं केंद्र आहे. परवाना, आश्रय, भाषेचे वर्ग यांबद्दल तिथं मोफत सल्ला मिळतो.

मताधिकार मात्र या नोंदीतून मिळत नाही. युरोपीय संघाचे नागरिक आणि स्पेनशी तसा करार असलेल्या मोजक्या देशांचे नागरिक महापालिकेला मत देऊ शकतात; भारत त्या यादीत नाही. बार्सिलोनाच्या रावाल भागात किराणा दुकान चालवणाऱ्या पंजाबी माणसाला महापालिकेच्या निवडणुकीत मत द्यायचं असेल, तर स्पॅनिश नागरिकत्व घ्यावं लागतं. त्यासाठी लॅटिन अमेरिकेतून आलेल्याला दोन वर्षांचं कायदेशीर वास्तव्य पुरतं, भारतीयाला सर्वसाधारणपणे दहा वर्षं लागतात.