घारापुरीचा दगडी हत्ती

मुंबईला भायखळ्यात राणीची बाग आहे. ती १८६२ साली सुरू झाली. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. बागेत जनावरे आहेत, पाखरे आहेत. आणि एक हत्ती असा आहे की तो चारा खात नाही, हलत नाही. तो काळ्या दगडाचा आहे.

हा हत्ती इथला नव्हे. मुंबईजवळ समुद्रात घारापुरी नावाचे बेट आहे. तिथे डोंगरात सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची शंकराची लेणी आहेत. बेटाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हा हत्ती उभा होता. पोर्तुगीज लोक आले, त्यांनी हत्ती पाहिला आणि बेटालाच 'एलिफंटा' म्हणजे हत्तीचे बेट म्हणू लागले. आपल्या लोकांचे नाव मात्र घारापुरीच राहिले.

१८१४ साली हत्तीची मान व डोके गळून पडले. पुढे धडही खचले. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. एवढे मोठे धूड! यारीने उचलताना साखळी तुटली, हत्ती खाली आदळला आणि त्याचे तुकडे झाले. मग विलायत राहिली. तुकडे राणीच्या बागेत आणले. १९१४ साली ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे तो फुटला म्हणूनच आपल्याकडे राहिला, असे म्हणायला हरकत नाही.

अशी ने-आण आपल्या भागाला नवी नाही. मुलूखमैदान तोफ आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. १६३२ साली ती विजापुराला नेली. ती ओतीव धातूची, धड पोचली. दगडाला मात्र जुनी चीर असली तर उचलताना तो तिथेच फुटतो.

म्हणून नांगराला कोरीव दगड लागला, बांधावर वीरगळ दिसला, तर पहारीने उपटू नका. धुण्याला किंवा पायरीला तर नकोच. आहे तिथे राहू द्या, मोबाईलवर फोटो काढा आणि तहसील कचेरीत कळवा. दगड कुठे होता, कोणत्या दिशेला तोंड होते, हे जागेवरच कळते. घारापुरीला आज हत्ती नाही, नुसते त्याचे नाव आहे.

मुंबईला गेलात तर भायखळा स्टेशनावर उतरा. बाग जवळच आहे. बागेच्या आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या शेजारी हत्ती आहे. बुधवारी जाऊ नका, बंद असते.