पेनॉबस्कॉट : लोक आणि नदी

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात पेनॉबस्कॉट नावाची नदी वाहते, आणि तिच्या परिसरातील मूळ रहिवासीही पेनॉबस्कॉट म्हणूनच ओळखले जातात. वास्तविक हे नाव एका ठिकाणाचे. पांढरे खडक जेथे पसरले आहेत तो नदीचा टप्पा, असा त्याचा अर्थ. पुढे ते लोकांना व नदीला मिळाले.

भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून हे लोक प्रवास करीत आणि समुद्रातून वर चढून येणारे सॅमन, शॅड इत्यादी मासे पकडीत. १७९६ व १८१८ च्या करारांनी काठांवरची बहुतेक जमीन गेली, बेटे उरली. नंतर धरणांनी माशांची वाट अडवली. जमातीच्या सहभागाने २०१२ व २०१३ मध्ये खालच्या भागातील दोन धरणे पाडण्यात आली, तेव्हा एलवाइफ मासे लाखोंनी परतले.

परंतु बेट म्हणजे केवळ कोरडी जमीन, की सभोवारचे पाणीही? जमातीने हा वाद २०१२ मध्ये न्यायालयात नेला. अपील न्यायालयाने २०२१ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, राखीव क्षेत्रात फक्त बेटेच येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. १९८० च्या कायद्याने मात्र या लोकांना राखीव क्षेत्रात निर्वाहापुरती मासेमारी करण्याचा हक्क दिलेला आहे. आता कोरड्या जमिनीवर मासे कोठून मिळावेत?