वनौषधी आणि मधुमेह : कसोटी कशी लागते?

लोणच्यासाठी वापरले जाणारे माईनमूळ अनेकांच्या परिचयाचे आहे. याच वनस्पतीच्या मुळांनी मुंबईच्या उपनगरातील एका प्रयोगशाळेला जगाच्या शास्त्रीय नकाशावर स्थान मिळवून दिले. मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात भारतीय वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर तपासणी चालू होती. त्या ओघात या मुळांतून रक्तदाब उतरविणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्यालाच पुढे 'फोर्स्कोलिन' हे नाव मिळाले. पेशींमधील एका महत्त्वाच्या विकराला ते थेट चेतविते, हे १९८१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

मधुमेहाशी याचा संबंध असा की, प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशींना हे द्रव्य दिले असता ग्लुकोजच्या सान्निध्यात त्या अधिक इन्सुलिन सोडतात. तरीही फोर्स्कोलिन हे मधुमेहाचे औषध होऊ शकले नाही; कारण तोच विकर हृदयात, रक्तवाहिन्यांत व इतरत्रही कार्य करीत असतो. काचपात्रातील परिणाम आणि रुग्णाला उपयोगी पडणारे औषध यांमधील अंतर ते हे.

ते अंतर ओलांडता येतच नाही असे मात्र नव्हे. आज जगभर दिले जाणारे मेटफॉर्मिन हे औषध युरोपातील गॅलेगा या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आले व १९५७ साली फ्रान्समध्ये त्याचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे अशी कसोटी लागली ती विजयसाराची, म्हणजे सह्याद्रीच्या रानांतील बिबळ्याची. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची प्रथा जुनी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. नव्याने निदान झालेल्या, इन्सुलिनवर अवलंबून नसलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची रक्तशर्करा १२ आठवड्यांत आटोक्यात आली. उपाशीपोटीची सरासरी १५१ मिलिग्रॅम होती. ती ३२ मिलिग्रॅमने उतरली. चौघांची जेवणानंतरची शर्करा मात्र इतकी वाढली की, त्यांना चाचणीतून वगळावे लागले.

हे आकडे आशादायक खरेच. परंतु ते काळजीपूर्वक वाचावयास हवेत. ही चाचणी खुली होती, म्हणजे कोणते औषध दिले जात आहे हे सर्वांनाच ठाऊक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नियमित तपासणी व पथ्य यांचाही शर्करेवर परिणाम होतोच. शिवाय अनेक आठवड्यांची सरासरी दर्शविणारे रक्तातील शर्करायुक्त हिमोग्लोबिनचे प्रमाण ९.८ वरून ९.४ टक्के एवढेच खाली आले. रुग्णांना दिली होती ती मोजलेली मात्रा. बाजारातील पेल्यातून नेमके किती द्रव्य उतरते, हे कोण मोजतो?

ग्रामीण भागात खरा धोका येथेच संभवतो. एखादा रुग्ण पेल्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद करतो. इन्सुलिनवाचून ज्याचे चालत नाही, त्याच्या जिवावर ते काही दिवसांतच बेतू शकते. वनौषधी घ्यावयाचीच असेल, तर चालू उपचार न सोडता, डॉक्टरांना सांगून आणि रक्त तपासून घेतली पाहिजे. मधुमेह बरा करण्याची हमी देणारी जाहिरात हा तर गुन्हाच आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत या रोगाचा स्पष्ट उल्लेख असून, आठवडी बाजारात असे फलक आढळल्यास पंचायत सदस्यांनी ते अन्न व औषध प्रशासनाच्या निदर्शनास आणून द्यावेत.