योबेल गायकांचा प्रवास

शास्त्रभाग : लेवीय २५:८-१७, २ करिंथ ८:१-५

योबेल वर्षी गुलाम मोकळे होत आणि विकले गेलेले वतन मूळ घराण्याकडे परत जाई. शब्बाथ शाळेत लेवीयाचा हा अध्याय शिकविताना मुले कंटाळतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या खेपेस त्याला एका तरुण गायनमंडळाच्या हकिकतीची जोड देत आहो.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल शहरी अमेरिकन मिशनरी असोसिएशनने मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी फिस्क शाळा काढली. शाळा लष्कराच्या जुन्या इस्पितळाच्या बराकींत भरे. पाच वर्षांत बराकी मोडकळीस आल्या, कर्ज वाढले. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाईट हे ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेक गुलामगिरीत जन्मलेले. पियानो वाजविणाऱ्या एला शेपर्डला तर तिच्या वडिलांनी पैसे मोजून सोडविले होते.

दौरा सुरू होतो न होतो तोच शिकागो शहराला मोठी आग लागली. चिलिकोथी गावी गाऊन या मंडळाला पन्नास डॉलरही मिळाले नव्हते. स्वतःची शाळा बुडत असता ती सर्व रक्कम त्यांनी शिकागोच्या आपद्ग्रस्तांना दिली! मासेदोनियाच्या मंडळ्यांनी दारिद्र्यात असताही कसे दिले, हे पौल करिंथकरांस सांगतो. ते शिकविण्यास याहून चांगला दाखला आम्हांस आढळला नाही.

पुढे कोलंबस गावी एका रात्रीच्या प्रार्थनेनंतर व्हाईट यांनी मंडळाला ‘योबेल गायक’ हे नाव दिले. आईबापांची गुलामगिरीतली भक्तिगीते लोकांपुढे गाण्यास ही मुले प्रथम राजी नव्हती. त्या गीतांना दुःखाच्या आठवणी चिकटलेल्या होत्या, शिवाय ती घरच्या उपासनेची होती. आम्हांस वाटते, हा संकोच शिक्षकांनी मुलांस अवश्य समजावून सांगावा. आपले दुःख दुसऱ्याच्या करमणुकीस देणे सोपे नसते.

१८७३ च्या एप्रिलात मंडळी इंग्लंडला निघाली. रंगामुळे एकामागून एक आगबोटी त्यांना घेण्यास नकार देत होत्या. अखेर ‘बटाव्हिया’ बोटीत जागा मिळाली. लंडनला त्यांचा हात धरला तो लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी. गिरण्यांतील व खाणींतील मुलांसाठी कायदे व्हावेत म्हणून झटलेले, फाटक्या कपड्यांतील मुलांच्या मोफत शाळांच्या संघाचे अध्यक्ष असे हे गृहस्थ. मुक्त गुलामांच्या शिक्षणास साहाय्य करणाऱ्या लंडनच्या संस्थेचेही तेच अध्यक्ष होते. त्यांच्या आमंत्रणावरून ६ मे रोजी पहिले गायन झाले. दुसऱ्या दिवशी खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्यांचे गाणे ऐकले. स्पर्जन यांच्या मंदिरातही ते गाइले. हल शहरी विल्बरफोर्सचे जन्मस्थान त्यांनी पाहिले, आणि गुलामांच्या त्या कैवाऱ्याचे चित्र शाळेसाठी त्यांना भेट मिळाले. राणीच्या भेटीपेक्षा ही भेट आम्हांस मोठी वाटते.

त्या दौऱ्यात सुमारे ५० हजार डॉलर जमले. १ जानेवारी १८७६ रोजी ‘जुबिली हॉल’ अर्पण झाला; तो आजही उभा आहे. मात्र सततच्या प्रवासाने गायकांच्या प्रकृती ढासळल्या आणि १८७८ साली जर्मनीतील हॅम्बर्ग येथे ते मंडळ मोडले. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांनी स्वतंत्रपणे चालविलेले मंडळ हिंदुस्थानातही आले व आग्र्याच्या ताजमहालात गाइले.

आपले तरुणसंघही नाताळात अनाथाश्रमांत वा कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत जातात. चार गीते, फळांची टोपली, एक फोटो, की परतीची गाडी! शिक्षकहो, यंदा जाण्यापूर्वी एका शनिवारी दोघे-तिघे तिकडे जा आणि तेथील माणसे कोणती गीते गातात ते विचारून या. त्यांतील एक शिकून घ्या, आणि ते त्यांनाच सुरू करू द्या. वर्गात असेही विचारा : चिलिकोथीची ती रक्कम आपल्या हाती असती, तर आपल्या कमिटीने काय ठराव केला असता?