आम्ही आमच्या गावच्या विहिरी मापल्या

मी इयत्ता चौथीत शिकतो. आमचे गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात आहे. महाबळेश्वरही आमच्याच जिल्ह्यात. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडे कधीकधी पाचशेसुद्धा होत नाही, कारण ढग सह्याद्री चढतानाच रिकामे होतात. हे आम्ही वर्गात शिकलो. मग गुरुजी म्हणाले, "आपल्या गावात पाणी किती, ते पुस्तकात नाही. चला, मापू."

कठडा असलेल्या आठ विहिरी निवडल्या. मोठी माणसे खोली परसात सांगतात. एक परस म्हणजे एक उभा माणूस. पण माणूस उंच की बुटका, यावरून आमचे भांडण झाले. शेवटी दोराला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. पहिला दगड हलका निघाला, तळ लागला का तेच कळेना. मग मोठा बांधला. डुबुक झाले की गाठी मोजायच्या, दोर ढिला पडला की पुन्हा मोजायच्या. गुरुजी शेजारी असल्याशिवाय कोणी वाकायचे नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मापले आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मापले. तळ्याखालच्या चार विहिरींचे पाणी एक मीटरसुद्धा उतरले नाही. माळाकडच्या चार विहिरींचे दोन मीटर उतरले. त्यात आमची विहीर आहे. तिच्यात आता तीनच मीटर पाणी आहे.

असे का? आजीला विचारले तर ती म्हणाली, "त्ये तळं आमीच केलंय." १९७२ च्या दुष्काळात ती पंधरा वर्षांची होती. तिने डोक्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या. कामावर सुकडी मिळायची. घरी मिलोची भाकरी, ती तिला मुळीच आवडायची नाही. मी रोज त्या तळ्यावर म्हशी नेतो, पण ते माणसांनी केले हे मला माहीत नव्हते! तो पाझर तलाव आहे. पाणी मुरमातून झिरपते, खाली काळा पाषाण लागला की आडवे सरकते आणि खालच्या विहिरींत येते. आमची विहीर तळ्याच्या वरच्या अंगाला आहे.

आबांनी उन्हाळी भुईमुगाचे बी आणले होते. मी म्हणालो, महिन्याला दोन मीटर उतरले तर मार्च संपायच्या आत विहीर कोरडी. भुईमुगाला तर मे उजाडतो. आबा रागावले. "साळंत शेती शिकवत्यात व्हय?" म्हणाले. गेल्या वर्षी आमचे पीक असेच वाळले आणि ते मुंबईला हमालीला गेले होते. म्हणून मी परत बोललो. दुसऱ्या दिवशी आबा स्वतः शाळेत दोर मागायला आले. आता बी पोत्यातच आहे. म्हशींपुरते दोन गुंठे कडवळ करू म्हणतात.

तिसरे माप मार्चच्या पहिल्या सोमवारी आहे. ज्यांची विहीर राहिली असेल त्यांनी खालच्या कागदावर नाव लिहावे. दोर आणि दगड आम्ही आणू.