पोरगी म्हणते, लेझरचं गणित करायचंय

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होते. गावोगावच्या शाळांतली मुलं प्रयोग मांडून उभी असतात, आईबाप कडेवरच्या पोरांना डिश दाखवत फिरतात. अशाच एका वर्षी आंबेगाव तालुक्यातले एक गृहस्थ बारावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. घरी टोमॅटो, कांदा, थोडा ऊस. म्हणाले, "सर, ही आधी इंजिनिअरिंगला जाते म्हणत होती. आता म्हणते, लेझरचं गणित करायचंय. गणित करून लेझर होतो का? आणि झाला तरी त्यावर पोट भरतं का?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. मी पहिला आधी घेतला आणि समोरच्या डिशपासूनच सुरुवात केली. जीएमआरटीच्या अशा ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीनं आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. त्यांनी पकडलेले क्षीण रेडिओ संकेत मुख्य इमारतीत येतात ते काचेच्या तंतूंतून, प्रकाशावर स्वार होऊन. हा प्रकाश देतो अर्धवाहक लेझर, म्हणजे सेमीकंडक्टरचा मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडा. त्याची ताकद मिलिवॅटमध्ये मोजतात. त्याच जातीचा, पण हजारो पटींनी दणकट भाऊ चाकण-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापणाऱ्या फायबर लेझर मशीनच्या पोटात बसलेला असतो.

या दणकट भावाचं दुखणं समजलं की गणित कशाला लागतं ते कळतं. त्याच्या चिपच्या तोंडाची रुंदी साधारण ०.१ मिलिमीटर, उंची एखादा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एवढ्या फटीतून १० वॅट प्रकाश बाहेर पडतो. चौरस सेंटिमीटरमागे किती झाले? मुलीनं तिथंच वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, शून्यं दोनदा मोजली आणि म्हणाली, "एक कोटी वॅट?" बरोबर, एक कोटी. शिवाय दिलेल्या विजेपैकी साधारण ६० टक्क्यांचाच प्रकाश होतो, बाकीची उष्णता. म्हणजे १० वॅट प्रकाशामागे साडेसहा वॅटच्या आसपास उष्णता, तीही ०.१ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर लांब पट्टीत. घरातल्या विजेच्या शेगडीशी तुलना केली तर तेवढ्याच जागेत सुमारे दोनशेपट. चिपचं टोक जरा जास्त तापलं की ते स्वतःचाच प्रकाश शोषू लागतं. शोषलं की आणखी तापतं, तापलं की आणखी शोषतं. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी टोक वितळतं आणि लेझर कायमचा जातो.

वडिलांना मी ओढ्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याचं उदाहरण दिलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाणी येतं, पातळी चढते, थोडं पाझरून जातं, पण भिंतीवरून काही सांडत नाही. पातळी माथ्याला लागली की ती तिथंच अडते, आणि त्यानंतर येणारं जवळजवळ सगळं पाणी सांडतं. लेझरमध्ये पाणी म्हणजे साठलेले इलेक्ट्रॉन, पाझर म्हणजे वाया जाणारे इलेक्ट्रॉन आणि सांडणारं पाणी म्हणजे लेझरचा प्रकाश. विजेचा प्रवाह एक उंबरठा ओलांडेपर्यंत लेझर जवळजवळ अंधारा असतो, तो याच कारणानं. याचं गणित दोन ओळींचं आहे. साठा किती बदलला? आवक वजा जावक. प्रकाश किती बदलला? पुन्हा आवक वजा जावक. एका ओळीची जावक ही दुसऱ्या ओळीची आवक, एवढीच गोम.

ताकद वाढवली की मात्र ही दोन ओळींची गोष्ट पुरत नाही. तापलेल्या लेझरमध्ये बंधाऱ्याची भिंतच जणू उंच होत जाते आणि पाझरही वाढतो. पट्टीच्या एका कडेला पातळी वेगळी, मध्ये वेगळी. प्रकाश सलग न राहता दोऱ्यादोऱ्यांत विभागतो. मग चिपचे लाखभर बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात वीज, इलेक्ट्रॉन, प्रकाशाची लहर आणि उष्णता या चौघांची समीकरणं एकाच वेळी सोडवायची. चौघांचा एकमेकांशिवाय निभाव लागत नाही, आणि वेगही जुळत नाही: प्रकाशाच्या हालचाली पिकोसेकंदात, उष्णता चिपखालच्या धातूत पसरायला मिलिसेकंद. मध्ये अब्जपटीचा फरक. यातलं काय महत्त्वाचं धरायचं आणि काय बिनधास्त सोडून द्यायचं हे ठरवणं म्हणजे मॉडेलिंग, आणि ते संगणकावर चालवून पाहणं म्हणजे सिम्युलेशन. नवी चिप बनवून, जाळून, पुन्हा बनवायला महिने जातात. कागदावर जाळलेली चिप फुकट असते.

तर गणित करून लेझर होतो का? पहिला अर्धवाहक लेझर १९६२ मध्ये चालला, तोही अतिथंड केल्यावर. वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर सँडविचसारखे रचले तर तो साध्या तापमानाला अखंड चालेल, हे हर्बर्ट क्रोमर यांनी १९६३ मध्ये कागदावर मांडलं. या लेझरला व्यवहारात काही उपयोग नाही, असं त्यांना तेव्हा ऐकवण्यात आलं. १९७० मध्ये तसा लेझर खोलीच्या तापमानाला अखंड चालला, आणि २००० चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांत क्रोमर आणि रशियाचे झोरेस अल्फेरोव्ह होते. आज बर्लिनमध्ये फर्डिनांड-ब्राउन संस्था असे दणकट लेझर बनवते आणि त्याच शहरातल्या वायरश्ट्रास संस्थेतले गणितज्ञ त्यांची समीकरणं सोडवतात. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात असे लेझर बनवण्याचं काम चालतं. इंदूर म्हणजे मराठी माणसाला परकं गाव नव्हे.

आता वाट. पालकांना माझी पहिली विनंती: अकरावीला मार्कांच्या भीतीनं गणित सोडू देऊ नका. जीवशास्त्र घ्यायचं तर जोडीला घ्या, गणिताच्या जागी नको. पुढं दोन रस्ते आहेत. बारावीनंतर जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी करता येतं. जुन्नर, नारायणगाव, मंचर इथून ते घरी राहून जमतं आणि त्यात कसलाही कमीपणा नाही. मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमएस्सी, किंवा जॅम परीक्षा देऊन आयआयटीत. ज्यांची तयारी आधीच पक्की आहे त्यांनी बारावीलाच पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी प्रवेश परीक्षा द्यावी. कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात बारावीनंतर फोटॉनिक्सचा सलग पाच वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम आहे. मराठी घरांत त्याची माहितीच फारशी पोचत नाही. इंजिनिअरिंगच करायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सनंतरही इकडे वळता येतं. "लेझर एक्स्पर्ट" बनवून देणाऱ्या सहा महिन्यांच्या महागड्या कोर्सना मात्र पैसे भरू नका. तिथं मशीन चालवायला शिकवत असतील, हे गणित शिकवत नाहीत.

खर्चाचं स्पष्ट बोलायला हवं. मुलगी स्वतंत्रपणे हे काम करायला लागेपर्यंत तिचं वय २८ होईल. नातेवाईक दरम्यान दहा वेळा विचारतील, अजून शिकतेच का? पण ही सगळी वर्षं घरच्या पैशावर काढायची नसतात. बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. नेट-जेआरएफ मिळवून पीएचडीला लागलं की २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप, पुढं ४२,०००. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही आणि तिथं पीएचडी करणारा बहुधा पगारी नोकर असतो.

आणि नोकरी? खरं सांगायचं तर निव्वळ दणकट लेझरचं मॉडेलिंग करणाऱ्या जागा भारतात फार थोड्या आहेत. अणुऊर्जा खातं, संरक्षण संशोधन, मोजक्या कंपन्या. हे लपवून कोणाला या वाटेला लावणं मला पटत नाही. पण जी समीकरणं लेझरला, तीच थोड्या फरकानं सौर घटाला, एलईडीला, ट्रान्झिस्टरला. देशात चिपचे कारखाने उभे राहत आहेत, तिथंही चिप बनवण्याआधी ती संगणकावर चालवून पाहतात. बॅटरी तापते का, पावसाचा अंदाज कसा बांधायचा, हीदेखील गुंतलेल्या समीकरणांचीच कामं. भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येचं गणितही लेझरच्या त्या दोन ओळींचं सख्खं भावंड आहे. बिबट्यांच्या जुन्नरमध्ये ते वेगळं समजावायला नको. म्हणून पोट भरेल, पण पाटीवर "लेझर" लिहिलेलंच असेल असं धरून चालू नका.

ज्या मुलाला उत्तर आलं की वही मिटायची घाई असते, त्याला मी या वाटेला जा म्हणणार नाही, मग त्याला गणितात शंभरपैकी शंभर का असेनात. इथं उत्तर संगणक देतो. ते खोटं कसं असू शकेल हे शोधत बसणं हे खरं काम. ज्याला आकडा चुकला की रात्री झोप लागत नाही, त्याचं हे क्षेत्र.

त्या दिवशी मी मुलीला त्या दोन ओळी लिहून दिल्या आणि एक्सेलमध्ये एकेक पाऊल पुढं टाकून बघ म्हणालो: नवा आकडा म्हणजे जुना आकडा, अधिक (आवक वजा जावक) गुणिले वेळेचं पाऊल. तीन आठवड्यांनी वडिलांच्या फोनवरून तिचा फोन आला. "सर, माझा प्रकाश उणे येतोय. उणे प्रकाश कसा असेल?" मी म्हटलं, तूच शोध. चार दिवसांनी पुन्हा फोन. वेळेचं पाऊल फार मोठं पडत होतं. ते दहापट लहान केल्यावर प्रकाश आधी खूप उसळला, मग हेलकावे खात शांत झाला. "पण सर," ती म्हणाली, "तो आधी एवढा उसळतो का?"